संतापाचे बावीस दिवस

दिवाळीच्या दोन दिवस आधी माझी बायको माहेरी, बालाघाटला गेली. पोहोचल्यावर तिने मोबाइलवर तीन ओळी पाठवल्या. ‘मैं पहुँच गई. मन में बहुत संताप है. कुछ दिन यहीं रहूँगी, आप समझ लीजिए.’

मी तेव्हा दुकानात होतो. समोर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ उघडं होतं आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसून होतं. मी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि उत्तर लिहिलं, ‘ठीक आहे.’ त्यानंतर बावीस दिवस मी तिला आणायला गेलो नाही, की साधा फोनही केला नाही.

गोंदियाजवळच्या गोरेगावात बसस्टँडच्या रस्त्यावर माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाईन, सगळं करतो. फ्लेक्स छापून गोंदियाहून येतात, पण त्यावरची अक्षरं माझी असतात. मराठी, हिंदी दोन्ही. गोंदियाचं गिऱ्हाईक आलं की मजकूर हिंदीत, खेड्यावरचं आलं की मराठीत, आणि पुष्कळ वेळा अर्धा असा अर्धा तसा. दिवसभर शब्दच हाताळतो म्हणून शब्द आपल्याला कळतात, असा माझा समज होता.

गोंदियाहून बालाघाट म्हणजे काही परदेश नाही. बाघ नदीचा पूल ओलांडला की पाट्या बदलतात, एवढंच. धान तेच, जात तीच. आम्ही पोवार, आमचे पूर्वज माळव्यातून आले असं आमच्या घरी सांगतात, तसंच तिच्याही घरी सांगतात. तिच्या आजोबांची आणि माझ्या आजोबांची बोली एकच होती, पोवारी. पण शाळेत अडचण नको म्हणून माझ्या वडिलांनी मला मराठीत वाढवलं आणि त्याच कारणासाठी तिच्या वडिलांनी तिला हिंदीत. लग्नानंतर मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि आपल्याला एकमेकांचं सगळं कळतं असं दोघांनाही वाटायचं.

गमतीही व्हायच्या. आमच्या लग्नाची पत्रिका मीच केली होती. तिच्याकडच्या पाहुण्यांनाही काही मराठी पत्रिका गेल्या. खाली नेहमीसारखं छापलेलं होतं, ‘लोभ असावा ही विनंती.’ लग्नाच्या आदल्या दिवशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता; तेव्हा तिचे काका पत्रिका हातात धरून भरल्या मांडवात म्हणाले, “लड़केवाले तो लिखकर लोभ माँग रहे हैं भाई!” हिंदीत लोभ म्हणजे हाव. माझे मामा गोरेमोरे झाले, मग कोणीतरी अर्थ सांगितला आणि सगळे हसले. मीही हसलो. ती मात्र मला नंतर म्हणाली, “हमारे यहाँ लोभ पाप है, आपके यहाँ आशीर्वाद.” ती हिंदीत एम. ए. झालेली. असं काही बोलली की मी तिला चिडवायचो, तू टीव्हीवरच्या बातम्यांसारखी बोलतेस म्हणून.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात, पोळा होऊन आठवडा झाला होता, तेव्हा एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. गोंदियाला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, यात कोणाची चूक नाही, असं होतं कधी कधी. तिसऱ्या दिवशी घरी आणलं. चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं.

माणूस गेलं तर काय करायचं ते आपल्याला ठाऊक असतं. लोक येतात, बसतात, दहा दिवस, तेरा दिवस. जे जन्मलंच नाही त्याच्यासाठी काहीच नव्हतं. ना कोणी आलं बसायला, ना कोणी नाव काढलं. ती रडत नव्हती. स्वयंपाक करत होती, कपडे वाळत घालत होती. मी मनात म्हटलं, बरं आहे, सावरून राहिली.

एक गोष्ट मात्र मी केली होती. सोनोग्राफीचा फोटो मी दुकानात स्कॅन करून तिच्या भावाला पाठवला होता. ती फाइल कॉम्प्युटरच्या पडद्यावरच होती, रोज सकाळी मशीन सुरू केलं की समोर यायची. मी ती काढून टाकली. महिनाभराने तिने विचारलं, “वो फोटो आपके कम्प्यूटर में है ना?” मी म्हटलं, “नाही, डिलीट केला. कायले ठेवायचा?” तिने ताट उचललं आणि आत गेली.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर ‘मन में बहुत संताप है’ असं वाचलं तेव्हा मला दुसरा अर्थ शोधायची गरजच वाटली नाही. संताप म्हणजे संताप. बाई चिडली आहे. फोटो काढून टाकला म्हणून चिडली, चौथ्या दिवशी दुकान उघडलं म्हणून चिडली, आणि ‘आप समझ लीजिए’ म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मलाही मग राग आला. मी काय दारू पिऊन पडलो होतो? दवाखान्यात कोण धावला होता? इतका संताप असेल तर राहा तिकडे.

दिवाळीत सुना माहेरी जातातच, त्यामुळे गल्लीत कोणी काही विचारलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात पूजा करताना तिचा फोन आला. हातात आरतीचं ताट होतं. पूजा आटोपल्यावर नाव पाहिलं आणि वाटलं, आता सणाच्या दिवशी भांडायचं का? उलटून फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी तिने शुभेच्छांचं चित्र पाठवलं, मी अंगठा पाठवला.

पण बसवत नव्हतं. दुकान उघडायचो आणि अर्ध्या तासात बाहेर पडायचो. चहाच्या टपरीपर्यंत जायचो, चहा न घेताच परत यायचो. धानाची कापणी सुरू होती, रस्त्याने ट्रॅक्टर जात-येत होते, सगळं गाव कामाला लागलेलं, आणि मी एका टायपिंगच्या ओळीवर तीनदा चुका करत होतो. एका पत्रिकेत मी वराच्या जागी वधूच्या बापाचं नाव टाकलं. बरं झालं गिऱ्हाइकानेच पकडलं.

आई पाहत होती. वडील गेल्यापासून घरी आम्ही तिघंच, आणि आता दोघं. एका सकाळी भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, “कवा आनतोस तिले?”

“येईल ना मनाने.”

“मनाने कशी येईल? घ्यायले जा लागते.”

“तिले राग आहे माझा.”

“मंग? राग असला म्हनून का पोरीले तिथंच ठेवतेत?”

मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

भाऊबीज झाली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई असते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, दुकानं, पाळणे, तमाशा, आणि घरोघरी पाहुणे. आमच्याही गावच्या मंडईला मावशी आली, आत्या आली. पहिला प्रश्न तोच. “सून दिसून नाही राहिली?” आईने सांगितलं, “माहेरी आहे, तब्येतीनं.” तब्येतीनं हा शब्द तिने असा उच्चारला की पुढे कोणी विचारलं नाही. मी मंडईत दोन चकरा मारल्या. आकाशपाळणा फिरत होता, बायका ओरडत होत्या. मला त्या गर्दीत उभं राहवेना. कोणी हाक मारली तर उगाच घाईत असल्यासारखं दाखवून पुढे जायचो, आणि पुढे गेलो की कुठे जायचं ते कळायचं नाही.

असाच एक दिवस दवनीवाड्याला पत्रिका पोहोचवायच्या होत्या आणि परतताना बिरसीला एकाकडे नमुने दाखवायचे होते. दोन्ही कामं गिऱ्हाइकाने येऊन केली असती, पण मी मोटरसायकल काढली. बिरसीला विमानतळ आहे, तिथे विमान चालवायला शिकवतात. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी पाहत राहिलो. एक लहान विमान उडालं, गोल फिरून आलं, चाकं टेकवली आणि न थांबता पुन्हा उडालं. पुन्हा फिरलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं. शेतात धान कापणाऱ्या बायांना त्याची सवय असावी, त्यांनी मान वर केली नाही. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. नमुने दाखवायचे राहून गेले, तसाच घरी आलो.

मोबाइल काढून त्या तीन ओळी मी दिवसातून किती वेळा वाचत होतो, ते सांगायला लाज वाटते. प्रत्येक वेळी चीड यायची आणि चिडीच्या खाली काहीतरी टोचायचं. फोन करायला बोट न्यायचो आणि म्हणायचो, पहिले तिने करावा. मग आठवायचं की पहिले तिनेच केला होता.

एकविसाव्या दिवशी दोघं जण फ्लेक्स करायला आले. त्यांच्या गावचा रस्ता तीन पावसाळ्यांपासून उखडलेला होता, तहसीलवर मोर्चा काढायचा होता. मजकूर त्यांनी कागदावर लिहून आणला होता. वर मोठ्या अक्षरांत हवं होतं, ‘जनआक्रोश मोर्चा’. “अक्षर लाल पाहिजे, आग वाटली पाहिजे,” एक जण म्हणाला. मी टाइप केलं, लाल केलं, ते खूश होऊन चहा प्यायला गेले.

दुकानात तेव्हा आमचे सर बसले होते. मला शाळेत मराठी शिकवलं त्यांनी, आता निवृत्त आहेत. रोज अकराच्या सुमारास येतात, पेपर वाचतात, आणि मी न सांगताच पडद्यावरच्या चुका काढतात. चष्मा वर करून त्यांनी तो फ्लेक्स पाहिला.

“हे कायचं आहे रे?”

“मोर्चा आहे सर, रस्त्यासाठी.”

“मग आक्रोश काऊन करून राहिले? कोनी मेलं का?”

मी हसलो. “सर, आक्रोश म्हणजे राग. लोकांचा राग.”

“तुले मी शिकवलं का असं?” सरांनी पेपर बाजूला ठेवला. “आक्रोश म्हनजे मोठ्यानं रडनं. आकांत. घरातला माणूस गेला, बायकांनी आक्रोश केला, असं लिवतो आपन. हा जो आहे ना तुझा, लाल रंगाचा, हा हिंदीतला आहे. तिकडे आक्रोश म्हनजे राग. पेपरवाल्यांनी उचलला, मोर्चेवाल्यांनी उचलला, आता आपली पोरं रडनं विसरली आणि राग तेवढा राहिला.”

“एकाच शब्दाचे असे दोन अर्थ?”

“एकच काय, ढीग आहेत. अक्षर तेच, चेहरा तोच, म्हनून आपल्याले वाटते ओळखीचा आहे. आता संताप घे. आपला संताप म्हनजे डोकं फिरलेलं. हिंदीत तसं नाही. हिंदीत संताप म्हनजे दुःख. आतल्या आत जाळते ते. मूळ शब्द तापाचाच, आपल्याकडे तो डोक्यात गेला आणि त्यांच्याकडे काळजात राहिला.”

सर पुढेही काहीतरी बोलत होते, राग या शब्दाविषयी, संस्कृतात त्याचा अर्थ प्रेम असा होता वगैरे. मला ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, “सर, पक्कं आहे? संताप म्हणजे दुःख?”

“पक्कं म्हनजे? पुस्तक पाहायचं आहे का?”

मी मोबाइल काढला आणि त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. ‘मन में बहुत संताप है. कुछ दिन यहीं रहूँगी, आप समझ लीजिए.’ ओळी त्याच होत्या. पण आता त्यांत चिडलेली बाई नव्हती. एक बाई मला सांगत होती की मला फार दुःख होतंय, तुम्ही समजून घ्या. आणि मी तिला लिहिलं होतं, ठीक आहे.

मी उठलो. सरांनी पाहिलं. “काय झालं रे?” मी फ्लेक्सची फाइल तशीच उघडी टाकून मागच्या खोलीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो.

घरी जाऊन आईला सांगितलं, उद्या बालाघाटला जातो. ती म्हणाली, “आता कसा सुचला?” मी तिला शब्दाचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग एकदम म्हणाली, “तवाच मी ‘माया’ म्हनल्यावर ती तशी पाह्यली का?”

“कोणती माया?”

आईने सांगितलं. बायको माहेरी गेली त्याच्या आदल्या दिवशी शेजारीण आली होती, तिच्यापाशी आई बोलली होती, “पाच महिने नुसती माया होती जी घरात.” आईला म्हणायचं होतं, जीव लागला होता, घर प्रेमाने भरलं होतं. बायको दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं आणि वळून आत गेली. मी आईकडे बघत राहिलो. हिंदीत माया म्हणजे भास. जे नव्हतंच ते. तिने ऐकलं असणार, पाच महिने या घरात नुसता भास होता.

आई खाली बसली. “म्या असं म्हनलं नाही बापू. म्या कायले तसं म्हनीन?”

“मले माहीत आहे.”

“तिले कोन सांगल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. गोंदियापर्यंत आलो आणि पुढच्या रस्त्यावर गाडी इतकी हाकली की एका ट्रकवाल्याने शिवी घातली. बाघ नदीच्या पुलावर थांबलो. तहान लागली होती असं स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे पुढे जायची भीती वाटत होती. काय बोलायचं याची मी मनात तयारी करत होतो. मी सांगणार होतो की माझी चूक नाही, शब्दाची चूक आहे. दोन भाषांची चूक आहे. ही गोष्ट ऐकून ती आधी चकित होईल आणि मग कदाचित हसेलही, साक्षगंधाच्या दिवशी सगळे हसले तशी. पुलावर उभं राहून मला ते अगदी शक्य वाटत होतं.

दार सासऱ्यांनी उघडलं. पोस्टातून निवृत्त झालेले, शांत माणूस. “आइए,” एवढंच म्हणाले, बावीस दिवसांचा उल्लेख केला नाही. सासूबाईंनी पाणी आणलं. मग ती बाहेर आली आणि समोरच्या खाटेवर बसली. उतरली होती. केस विंचरलेले, साडी नीट, पण चेहरा असा की मी तयार केलेलं पहिलं वाक्यच विसरलो.

तरी सांगितलं. सरांचं, फ्लेक्सचं, आक्रोशाचं, संतापाचं. आईच्या मायेचंही सांगितलं. माया ऐकून तिने मान वर केली, “सच?” असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पदराने डोळे टिपले. मला धीर आला. मी म्हटलं, “मला वाटलं तू रागावलीस. म्हणून आलो नाही. मला शब्दच कळला नव्हता.”

तिने पदर नीट केला. मग म्हणाली, “गुस्सा भी था. आपने फोटो मिटा दी थी, उसका गुस्सा था.”

“हो.”

“तो अगर गुस्सा ही होता, सिर्फ गुस्सा, तो नहीं आते आप?”

सासरे उठून अंगणात गेले. सासूबाई आत गेल्या. सासूबाईंनी मघाशी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी मराठीत म्हणाली, अडखळत, “रागावली म्हणून बायकोला सोडून देतात का?”

हेच आई म्हणाली होती. जवळपास याच शब्दांत. एकीने बोलीत, एकीने अडखळत्या मराठीत एकच विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मला ते अगदी नीट कळलं होतं. मग मी जे बोललो त्याची तयारी केली नव्हती. घरी आईशी बोलतो त्या बोलीत माझ्या तोंडून निघालं, “मले भेव लागत होतं.”

“किसका?”

“तुझ्यासमोर बसायचं. बसलो असतो तर त्याच्याबद्दल बोला लागलं असतं.”

आणि मी रडलो. दवाखान्यात नाही, घरी नाही, इथे, सासऱ्याच्या बैठकीत, सकाळी अकरा वाजता, मोठ्याने. ती उठून माझ्याजवळ आली नाही. समोर बसून राहिली आणि तीही रडली. आतून कोणी आलं नाही, त्याबद्दल मी आजही त्या घराचा ऋणी आहे.

थोड्या वेळाने ती आत जाऊन एक पाकीट घेऊन आली. त्यात तो सोनोग्राफीचा मूळ फोटो होता. जाताना तो तिने बरोबर नेला होता आणि मला ते ठाऊकही नव्हतं. तो कागद टिकत नाही, आम्हा छपाईवाल्यांना ते माहीत असतं. आत्ताच कडेने पिवळा पडला होता, आकृती धूसर झाली होती. मी लगेच म्हटलं, “दे, मी स्कॅन करून आणतो, चांगला प्रिंट काढून देतो.”

“नहीं,” ती म्हणाली. “रहने दीजिए. जितने दिन दिखता है, दिखे.”

त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली नाही. मी विचारलं, ती म्हणाली अजून नाही. मी परत निघालो तेव्हा सासरे फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, “अगले इतवार आइएगा.” त्यात आमंत्रण किती आणि आज्ञा किती ते मला ठरवता आलं नाही, पण मी गेलो. दर रविवारी गेलो. दुकानात लग्नसराईची गर्दी होती, पत्रिका पडून राहायच्या, गिऱ्हाईक बोलायचं. जायचो, दोन-तीन तास बसायचो, कधी आम्ही दोघं गावाबाहेर चालून यायचो. कधी ती बोलायची, कधी नाही. एका रविवारी तिने सांगितलं की तिने त्याला एक नाव ठेवलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

याच दिवसांत मला दुसरी एक खोड लागली. दुकानात कुठलाही मजकूर टाइप करताना बोट थांबायचं. कौतुक. चेष्टा. हौस. आग्रह. हा शब्द पुलापलीकडे काय होत असेल? आजोबांच्या काळी काय होता? मी सरांना विचारून विचारून हैराण केलं. ते म्हणाले, “बाबा, असं पाह्यलं तर तू एक पत्रिका नाही छापू शकनार.” खरंच होतं. पण आतून शांतता नव्हती. मला सारखं वाटत होतं की मी शब्दावर खापर फोडून सुटायला बघतोय. एम. ए. झालेल्या बायकोबरोबर तीन वर्षं राहिलो, गोंदियाची हिंदी ऐकत लहानाचा मोठा झालो, रोज हिंदी फ्लेक्स केले. खरंच मला संताप कळला नव्हता? की दोन अर्थांपैकी जो सोयीचा होता तो मी उचलला? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ज्या दिवशी वाटतं कळला नव्हता, त्याच दिवशी दुपारपर्यंत वाटतं, कळला असणार.

चौथ्या रविवारी आई म्हणाली, “मी बी येतो.” तिला मोटरसायकलवर एवढं लांब बसवत नाही म्हणून एसटीने गेलो, गोंदियाला गाडी बदलली. आईने डब्यात अनारसे घेतले होते आणि वाटभर डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. तिथे पोहोचल्यावर ती बैठकीत थांबलीच नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. मी बाहेर बसलो. आतून आवाज येत होते. आई आणि सासूबाई पोवारीत बोलत होत्या. सासूबाईंना पोवारी येते हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्यासमोर त्या कायम हिंदीच बोलायच्या. दोघी भरभर बोलत होत्या, एकमेकींची वाक्यं तोडत, आणि मध्ये माझी बायको हिंदीत काहीतरी विचारत होती आणि सासूबाई तिला समजावून सांगत होत्या. मला निम्मं कळत होतं, निम्मं नाही. घरच्याच बोलीत बाहेरचा असल्यासारखा मी बसून होतो.

मग तिघी गप्प झाल्या. मी दारातून डोकावलो. आईने सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं होतं आणि केसांवरून हात फिरवत होती. मी मागे सरलो.

संक्रांत झाल्यावर ती घरी आली. आल्यावर पहिले काही दिवस आम्ही दोघंही फार जपून वागत होतो, परक्या घरी आल्यासारखे. हळूहळू ते ओसरलं. आता दुपारी ती दुकानात येते, हिंदीचं काम सगळं तिच्याकडे दिलं आहे. सरांशी तिचं चांगलं जमतं. दोघं वाद घालतात आणि मी गिऱ्हाईक सांभाळतो.

गेल्या आठवड्यात मी तिला न विचारता तिने केलेल्या एका पत्रिकेतली ओळ बदलली आणि छापायला पाठवून दिली. छापून आल्यावर तिने पाहिलं. दुकानात दोन माणसं उभी होती, सरही होते. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि आमच्या आईसारख्या सुरात म्हणाली, “मले लय राग येऊन राह्यला तुमचा.”

“बस ना, सांगतो,” मी म्हटलं.

“बसत नाही. पहिले सांगा, काऊन बदललं?”

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी पेपर तोंडासमोर धरला. मी खुर्चीतून उठलो, शटर अर्धं ओढलं, आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत जाऊन चांगले तासभर भांडलो.